चर्चगेटमधलं 'चर्च' बघून आले

बावीस वर्षं चर्चगेटला उतरतेय, पण नावातलं चर्च नेमकं कुठलं ते परवा पहिल्यांदा आत जाऊन पाहिलं, सेंट थॉमस कॅथीड्रल. स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रोडने सरळ फ्लोरा फाउंटनच्या पुढे हॉर्निमन सर्कलकडे चालायचं, पंधरा मिनिटं लागतात. फोर्टला, म्हणजे इंग्रजांच्या जुन्या मुंबईला, तटबंदी होती तेव्हा चर्चकडे जाणारा दरवाजा या फाउंटनपाशीच होता, त्याचं नाव चर्चगेट, 1860च्या दशकात तट पाडला आणि नाव तेवढं उरलं.

मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरने 1676 मध्ये बांधकाम सुरू केलं, पुढच्याच वर्षी तो वारला आणि भिंती पंधरा फुटांवर थांबल्या त्या जवळपास चाळीस वर्षं तशाच. मग रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने वर्गणी गोळा केली आणि 1718च्या नाताळात चर्च उघडलं. वर्गणी काढून पुरं झालेलं देऊळ आपल्या ओळखीचंच की! जुन्या मुंबईतले मैलाचे दगडही याच चर्चपासून अंतर मोजायचे.

आत भिंतीभर संगमरवरी स्मारकं आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकनचं मला सगळ्यात जास्त भिडलं, काठियावाड आणि बनारसमधली बालहत्या बंद केल्याचं त्यावर कोरलंय, तिथे मी बराच वेळ उभी होते. लढाईत मेलेले पोरसवदा अधिकारीही कितीतरी आहेत, त्यांची वयं वाचत गेलं की पाय निघत नाही.

वास्तू मधल्या काळात खूप खालावली होती, आर्किटेक्ट ब्रिंदा सोमय्यांच्या टीमने ती दुरुस्त केली आणि 2004 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या पावसात एवढं जुनं बांधकाम टिकवणं म्हणजे पाण्याशी रोजची लढाई, त्यात चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि दगड खायला लागते, म्हणून अशा कामाला चुन्यातले कारागीर लागतात, आणि वेळ लागतो. तुमच्या गावच्या वाड्याची किंवा देवळाची डागडुजी करणार असाल तर एवढं नक्की लक्षात ठेवा.

जाणाऱ्यांनी शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा. रविवारी प्रार्थना असते, बसायचं असेल तर शांत बसा, फोटो नको. इतर वेळीही फोटोआधी तिथल्या माणसाला विचारा. बाहेरचं कारंजं बघायला विसरू नका, दानशूर पारशी व्यापारी सर कावसजी जहांगीर यांनी दिलेलं आहे.