वाचायच्या आधी किती सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं

परवा एक मुलगी झेरॉक्स घेऊन आली, मॅम मी पूर्ण वाचून आलेय म्हणाली. आणि खरंच वाचलेलं होतं, चौदाच्या चौदा पानं पिवळीधम्मक, एक हायलायटर तरी नक्की संपला असणार. मी विचारलं, बरं, लेखकाचं नेमकं म्हणणं काय आहे गं? तर तिने पान उलटून एक पिवळं वाक्य वाचून दाखवलं. मग दुसरं. तिसरं वाचायला लागली तेव्हा मीच थांबवलं. तिला कशाला बोलणार, आपण काय शोधतोय हेच जिला कोणी सांगितलं नाही तिला सगळीच वाक्यं महत्त्वाची वाटणार ना.

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना समाजशास्त्र शिकवते. सेमिस्टरला सात-आठ पेपर (म्हणजे शोधनिबंध) किंवा चॅप्टर वाचायला देते, आणि बरीच वर्षं माझी पद्धत अशी होती की "गुरुवारी हे वाचून या", मग गुरुवारी मी फळ्यापाशी उभं राहून सगळं उलगडून सांगायचं, मुलं माना डोलावणार, आणि परीक्षेत माझ्याच नोट्स माझ्याकडे परत येणार. मूळ लेखकाचा पत्ताच नाही त्यात.

हे बदललं ते एका जुन्या प्रयोगामुळे. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोघांनी लोकांना एक उतारा ऐकवला. शब्द सगळे साधे, वाक्यं छोटी. आधी वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, घाईत चूक झाली तर महागात पडेल, अशा धर्तीचं काहीतरी. ऐकणाऱ्याला प्रत्येक वाक्य कळतं पण एकूण काय चाललंय ते कळत नाही. विषय असतो कपडे धुणं! ज्यांना हा विषय ऐकायच्या आधी सांगितला त्यांना उतारा समजला आणि लक्षातही जास्त राहिला. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना काहीच फायदा झाला नाही, ज्यांना विषय सांगितलाच नव्हता त्यांच्याइतकंच आठवलं त्यांना.

हे मी वाचलं तेव्हा चरकलेच. कारण माझं गुरुवारचं लेक्चर म्हणजे उतारा संपल्यावर "अगं ते कपडे धुणं होतं" असं सांगणं. मुलांनी घरी बसून तास-दोन तास धुक्यात काढलेले असणार आणि मी नंतर दिवा लावणार.

आता दर वर्षी पहिल्याच तासाला मी त्या धर्तीचा माझा स्वतःचा एक उतारा मराठीत वाचून दाखवते. विषय सांगितला की वर्गात जो हशा होतो ना, त्यानंतर मला पंधरा मिनिटं भाषण द्यावं लागत नाही. शब्द कळणं आणि मजकूर कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना स्वतःलाच कळलेलं असतं.

मग काय, मी दुसऱ्या टोकाला गेले. आधी सांगायचं ना, मग सगळंच आधी सांगू. एका पेपरसाठी बावीस स्लाइडची पीपीटी केली, लेखक, काळ, पार्श्वभूमी, मुख्य मुद्दे, निष्कर्ष, अवघड शब्दांची यादी (चाळीस शब्द, अर्थासकट!). तास छान झाला. शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मॅम पीपीटी पाठवाल ना, मग पेपर वाचायची गरज नाही ना? वर्ग हसला पण प्रश्न अगदी रास्त होता. मीच पेपर चावून मऊ करून दिला होता, त्याने कशाला पुन्हा चावायचा.

माझी सगळी धडपड तेव्हापासून एवढीच आहे की आधी नेमकं किती सांगायचं. त्यातल्या ज्या गोष्टी टिकल्या त्या लिहितेय, ज्या आपटल्या त्यातल्याही काही.

डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये एक कल्पना मांडली होती, अ‍ॅडव्हान्स ऑर्गनायझर. मराठीत याला पूर्वसंघटक वगैरे म्हणतात आणि ते नाव ऐकून कोणालाही झोप येईल. पण मूळ गोष्ट मजेशीर आहे. विद्यार्थ्यांना पोलादाच्या धातुशास्त्रावरचा एक अवघड मजकूर वाचायचा होता. एका गटाला त्याआधी लोखंड-पोलाद बनवण्याच्या पद्धती कशा बदलत गेल्या त्याचा इतिहास दिला, दुसऱ्या गटाला शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांच्यात मुळात काय फरक असतो, एकाचे फायदे-तोटे काय, दुसऱ्याचे काय, असं थोडं वरच्या पातळीवरचं दिलं. दुसऱ्या गटाला मजकूर जास्त लक्षात राहिला. म्हणजे आधी द्यायची ती अशी खुंटी, जिच्यावर पुढची माहिती टांगता येईल. माझ्या पीपीटीत निम्मं तर लेखकाचं चरित्र होतं, कुठे जन्मला, कुठे शिकला. त्यावर काय टांगणार?

तर आता मी दोन-तीन ओळी देते फक्त. उदाहरण सांगते. पिअर बुर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या सांस्कृतिक भांडवलाच्या कल्पनेवरचा एक चॅप्टर असतो. आधी मी "सांस्कृतिक भांडवल म्हणजे..." करून व्याख्या द्यायचे. आता एवढंच म्हणते की पैसा जसा साठवता येतो, वापरता येतो, मुलांना देता येतो, तशी पैसा नसलेली पण तसंच काम करणारी दुसरी कोणती गोष्ट तुम्हाला दिसते का, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला. कोणी म्हणतं ओळखी, कोणी म्हणतं बोलण्याची पद्धत, कोणी म्हणतं आडनाव. बस. व्याख्या त्यांनी चॅप्टरमध्ये शोधायची, आणि शोधतात, कारण आपलं उत्तर बरोबर आलं का हे प्रत्येकालाच बघायचं असतं.

यातूनच शब्दांचा मुद्दा. चाळीस शब्दांची यादी मी बंद केली, आता पाच किंवा फार तर सहा. आणि ते पाच अवघड शब्द नसतात! अवघड शब्द मूल फोनवर बघतंच. घोळ होतो तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. 'भांडवल' म्हटल्यावर मुलं पैसा समजून पुढे जातात आणि मग तीन पानं सगळं चुकीच्या रुळावरून जातं. 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं असं धरून चालतात, पण संख्याशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा, निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसणं अवघड आहे एवढंच तो सांगतो, फरक मोठा आहे की फालतू याबद्दल काहीच नाही. 'थिअरी' म्हणजे त्यांना नुसता अंदाज वाटतो, आणि 'कंट्रोल ग्रुप', म्हणजे प्रयोगात फक्त तुलनेसाठी ठेवलेला गट, तो त्यांना कोणावर तरी नियंत्रण ठेवणारा गट वाटतो (हे मी स्वतः उत्तरपत्रिकेत वाचलंय). हे असे शब्द आधी सांगायचे, कारण मुलाला इथे अडल्याचं कळतच नाही. जो अडला तो निदान विचारतो तरी.

तरी अवघड शब्दांना अगदीच सोडू नये म्हणा. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली इंग्रजी शैक्षणिक लिखाणातल्या ५७० शब्दकुळांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कूळ) यादी काढली, कुठल्याही एका विषयाची नसलेली पण सगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणारी, आणि त्यांनी तपासलेल्या मजकुरात साधारण १० टक्के शब्द या कुळांतले निघाले. ती यादी वर्षभर थोडी थोडी करण्यासारखी आहे. पण एका पेपरच्या आधी एका दमात नाही.

आता माझा सगळ्यात लाडका खेळ. 'पण' शोधा.

जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये संशोधनपर लेखांच्या प्रस्तावनांचा एक ढाचा मांडला होता. लेखक आधी सांगतो की हे क्षेत्र महत्त्वाचं आहे आणि इथे अमक्या-तमक्यांनी काम केलंय, मग सांगतो की यात एक भोक राहिलंय, आणि मग सांगतो की ते भोक मी बुजवतोय. हे एकदा कळलं ना की अर्धी भीती जाते, कारण तीन-चार पानं नावं आणि वर्षं यांचा जो मारा असतो तो सगळा पहिल्या भागातला असतो. मुलं तिथेच गारद होतात. एकेका नावाखाली रेघ मारत बसतात.

म्हणून मी म्हणते की प्रस्तावना वाचू नका, फक्त नजर फिरवा आणि 'पण', 'मात्र', 'तरीही', 'याकडे दुर्लक्ष झाले आहे' असं काही दिसलं की बोट ठेवा. पाच मिनिटं. तो 'पण' सापडला की त्याच्या आधीचं सगळं "इतर लोक काय म्हणतात" आणि नंतरचं "मी काय म्हणतो". एकदा एका मुलाने नऊ 'पण' काढले, आणि मग यातला खरा 'पण' कोणता यावर वर्गात जी भांडणं झाली, तेवढ्यात पेपरचा गाभा हाती आला. पेपर अजून कोणी वाचलाच नव्हता तेव्हा! सगळ्याच पेपरमध्ये चालतं असं नाही, जुन्या पुस्तकांतल्या निबंधांत लेखक आरामात फिरत फिरत मुद्द्यावर येतात, तिथे हा खेळ फसतो.

मजकूर चाळणं हा बाकी सगळ्यांना माहीत असलेला आणि कोणी न करणारा प्रकार आहे. फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्ये एसक्यूथ्रीआर मांडलं, आधी चाळा, प्रश्न तयार करा, वाचा, न बघता सांगा, उजळणी करा. शिक्षक-प्रशिक्षणात आम्ही याच्या पाच पायऱ्या घोकल्या, लिहिल्या, मार्क घेतले. स्वतः कधी केलं का? मी तरी नाही. मुलांना "चाळून या" सांगितलं तर ती पहिल्या पानापासून जरा भरभर वाचायला लागतात, चाळायचं कसं हे त्यांना कोणी करून दाखवलेलंच नसतं. म्हणून आता मी मला स्वतःला नवीन असलेला पेपर स्क्रीनवर उघडते आणि मोठ्याने बोलत बोलत चाळते. शीर्षक... हम्म, 'पुनर्विचार' म्हणतोय म्हणजे आधीच्या कोणाशी तरी भांडण आहे. सारांश वाचते. मग थेट शेवट. मग मधली हेडिंग्ज, मग तक्त्यांखालच्या ओळी. "हा तक्ता मला कळला नाहीये, सोडते सध्या" हे मी म्हटलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात, मॅमनाही कळत नाही!! आणि शेवट आधी वाचणं म्हणजे चीटिंग नाही हेही एकदा स्पष्ट सांगावं लागतं, कादंबरी नाहीये ती, खुनी कोण हे आधी कळलं तरच पुरावे नीट तपासता येतात.

वाचण्याचा हेतू देणं हे मला उशिरा सुचलं. पिचर्ट आणि अँडरसन यांनी १९७७ मध्ये लोकांना एका घराचं वर्णन वाचायला दिलं होतं, काहींना सांगितलं तुम्ही चोर आहात असं समजून वाचा, काहींना सांगितलं तुम्ही हे घर विकत घेणार आहात. चोरांना किमती वस्तू आठवल्या, घर घेणाऱ्यांना गळकं छप्पर. मजकूर एकच. मग मी वर्गाचे तीन भाग केले, एकाने पेपर पटवून घ्यायचा, एकाने खोडून काढायचा, आणि एकाने "हेच संशोधन मला पुन्हा करायचंय" असं धरून वाचायचं. तिसऱ्या गटाला पहिल्यांदाच कळलं की पद्धतीचा जो भाग सगळे गाळतात त्यात नमुना किती होता, माणसं निवडली कशी, हे लिहिलेलंच नसेल तर किती चिडचिड होते. हायलायटरही आपोआप कमी चालतो, चोर काही सगळं घर उचलून नेत नाही.

आधी काय माहीत आहे ते विचारण्याबद्दल मात्र माझं मत थोडं आंबटगोड आहे. पूर्वज्ञान महत्त्वाचं असतं यात वादच नाही. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी ६४ शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं वाचनात पक्की पण बेसबॉलचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. पण "तुम्हाला काय माहीत आहे" असं विचारलं की फळ्यावर निम्म्या चुकीच्या गोष्टी येतात, आणि एकदा फळ्यावर लिहिलं की ते खरंच होऊन बसतं. डोना ओगल यांचा १९८६ चा तीन रकान्यांचा तक्ता आहे, काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचंय, काय शिकलो. मी पहिल्या रकान्याचं नाव बदललं, 'मला असं वाटतंय'. चूक खोडायला मुलांना लाज वाटत नाही मग. आणि चुकीचा अंदाज वाया जात नाही, रिचलंड, कॉर्नेल आणि काओ यांच्या २००९ च्या अभ्यासात वाचायच्या आधी प्रश्न सोडवायचा प्रयत्न करून चुकलेल्यांनाही नंतर वाचताना ते उत्तर जास्त लक्षात राहिलं.

पुढच्या गुरुवारचा चॅप्टर एकोणीस पानांचा आहे आणि त्यात एकही हेडिंग नाही, सारांश नाही, 'पण' तर पानोपानी. ठरवलंय की आधी प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचायला लावायचं आणि हेडिंग्ज त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची, पेन्सिलने, चुकली तर चुकली. माझ्याकडून तीन ओळी द्यायच्या. लिहून झाल्यात. काल रात्री चौथी लिहिली होती, त्यात निष्कर्ष येत होता. खोडली.