आमची वाटचाल : एका छायाचित्रानंतर

मे महिना उजाडला की आमच्या नाशिकच्या कार्यालयात रोज एकच प्रश्न येतो : "पेपरात दाखवलेत तेवढे काजवे खरंच दिसतील ना?" आम्ही "नाही" म्हणतो आणि निम्मे लोक तिथेच फोन ठेवतात. धंद्याला न परवडणारे हे उत्तर देण्याची सवय आम्हाला आमच्याच एका चुकीने लावली.

बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघा भागीदारांनी ही सहल कंपनी काढली, तेव्हा आमच्या ओळखीतले लोक भंडारदऱ्याला जात ते धरण आणि रंधा धबधबा पाहायला. आम्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरातले, महादेव कोळी वस्तीचे एक गाव निवडले, चार घरांत मुक्काम ठरवला, जेवणाचे पैसे भाकरी थापणाऱ्या बाईच्याच हातात द्यायचे आणि एका वेळी वीसपेक्षा जास्त माणसे न्यायची नाहीत, असे ठरवले. हिशेब जेमतेम जुळत असे.

चौथ्या वर्षी एका दैनिकाच्या पुरवणीने लेखासोबत छायाचित्र मागितले आणि आमच्या गटातल्या एका हौशी छायाचित्रकाराने टिपलेले सादड्याचे झाड मी मोठ्या अभिमानाने पाठवले. ते चित्र खोटे नव्हते. पण तासाभरात घेतलेल्या चाळीसेक छायाचित्रांचे थर एकावर एक चढवून ते तयार केले होते, म्हणजे त्या तासात जिथे जिथे काजवा लुकलुकला तो प्रत्येक ठिपका एकाच क्षणी पेटल्यासारखा दिसत होता. हे मला ठाऊक होते, तरी चित्राखाली तसे छापा म्हणून सांगावे, हे मला सुचले नाही. पुरवणीनेही विचारले नाही. गावाचे नाव मात्र ठळक छापले गेले.

पुढच्या शनिवारी गावाच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. काजव्याचा नर प्रकाशाच्या खुणेने मादीला साद घालतो, आणि गाडीच्या दिव्यांच्या झोतात ती खूणच हरवते. अनेक जातींच्या मादीला उडता येत नाही; ती गवतात, जमिनीलगत असते आणि फोटोसाठी झाडाखाली शिरणाऱ्यांच्या पायाखाली नेमकी तीच येते. गोगलगायींवर जगणाऱ्या अळ्याही त्याच मातीत वाढतात, त्यामुळे एका रात्रीच्या तुडवणुकीची किंमत पुढच्या हंगामात कळते. एवढे होऊनही आलेल्यांचा हिरमोड झालाच, कारण चित्रातले झाड कुणालाच दिसले नाही. आम्ही उतरायचो त्या घरातल्या आजींनी मला एवढेच विचारले, "एवढी माणसं तुम्हीच बोलावली का?"

त्यानंतर जाहिरातीतून गावाचे नाव गेले. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद आला, कारण तो प्रकाश काजव्यांना फारसा जाणवत नाही. तारखा आधी जाहीर करणे आम्ही थांबवले; वळवाची सर पडून गावातून निरोप आला की कळवतो आणि शक्यतो मंगळवारी-बुधवारी निघतो. नोकरदार यामुळे वैतागतात, आणि त्यांचे चुकते असेही नाही. हंगामाचे उत्पन्न घटले ते घटलेच. भातलावणीच्या दिवसांतील मुक्कामांनी ती तूट थोडीफार भरून निघते.

पत्रकारांचे फोन अजूनही येतात आणि बहुतेकांना "यंदा गर्दी किती?" हेच हवे असते. गेल्या वर्षी एक वार्ताहर मात्र रात्रभर राहिली आणि तिने गोगलगायींवर, चुलीवरच्या भाकरीवर लिहिले; सोबत चित्र नव्हते. त्या लेखावरून आम्हाला अवघे तीन फोन आले. तिघेही येऊन गेले, आणि त्यांतले एक कुटुंब यंदाही येणार आहे. आता वळवाची वाट पाहतो आहोत.