पोराचं कोपर गेलं आणि तिकीट आलं : गेम चीटिंग करतो

बाणेरला एका छोट्या गेम कंपनीत आहे मी, सिम्युलेशनचा कोड लिहितो. क्लायंट अमेरिकेतला आणि गेम बेसबॉलची टीम सांभाळायचा, म्हणजे आपण खेळायचं काहीच नाही, टीम निवडा, पगार जुळवा, मॅच कॉम्प्युटर खेळतो आणि स्कोअर देतो. आमच्या फ्लोअरवर बेसबॉलची खरी बॅट कुणी धरलेली नाहीये, पण मनगटाजवळचं हॅमेट हाड कुठलं ते विचारा, झोपेतून उठवलं तरी सांगतील. बॅटच्या मुठीकडचा गोटा तळव्यावर आपटून ते मोडतं.

माझ्याकडे इंजुरीचं मॉड्यूल आहे. जुना प्रकार असा होता की प्रत्येक प्लेयरला एक आकडा, प्रत्येक बॉलला एक रँडम नंबर, लागला तर टेबलमधून एक दुखापत उचलायची आणि दिवस पण तिथंच ठरायचे. पहिल्याच मिनिटाला स्क्रीनवर '४३ दिवस'. कुठला डॉक्टर असं सांगतो हो? खऱ्या मेजर लीगमध्ये, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मोठ्या बेसबॉल लीगमध्ये, आधी म्हणतात 'डे टू डे' (रोज बघून ठरवू), मग एमआरआय, मग पिचर (आपला बॉलर) असेल तर पंधरा दिवसांच्या इंजर्ड लिस्टवर, म्हणजे जखमींच्या यादीवर, मग गुपचूप साठ दिवसांच्या. शिवाय कोपराची दोन ऑपरेशनं झालेला माणूस आणि बावीस वर्षांचं ताजं पोरगं यांना जुन्या कोडमध्ये धोका सारखाच, कारण मागचा इतिहास कुठं साठवतच नव्हते. आमचे मॅनेजर मला विचारतात, बरा झाला म्हणजे झाला ना, परत कशाला दुखेल? मी म्हणलं सर, बुमराह. सप्टेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध परत आला, दोन मॅच खेळला आणि पाठीने वर्ल्डकप घालवला, शेवटी मार्च २०२३ मध्ये ऑपरेशन आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडला पुनरागमन. त्यानंतर मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही. क्रिकेटचं उदाहरण दिल्याशिवाय पुण्यात बजेट पास होत नाही.

नव्या मॉडेलमध्ये शरीराच्या प्रत्येक भागाचा वेगळा हिशोब आहे आणि याचा मला माज आहे, असू दे. पिचरच्या कोपराचं लिगामेंट वेगळं, खांदा वेगळा. कोपर परवडलं, खांदा नको, हे बेसबॉलवाले सगळेच मानतात. टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरचं कोपराच्या लिगामेंटचं ऑपरेशन डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ ला केलं, उजव्या हातातला टेंडन काढून डाव्या कोपरात बसवला, पूर्ण १९७५ बाहेर बसून माणूस १९७६ ला परत आला आणि त्यानंतर १६४ मॅच जिंकला. पण तेच ऑपरेशन बॅटरचं झालं तर गणित बदलतं, ब्राइस हार्परचं नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं आणि मे २०२३ च्या सुरवातीला तो बॅटिंग करत होता, फक्त फेकत नव्हता. ओहतानी, जो पिचिंग पण करतो आणि बॅटिंग पण, तो तर कोपराच्या ऑपरेशननंतर २०२४ चा अख्खा सीझन पिचिंग न करता ५४ होमरन (आपले सिक्सर समजा) मारून गेला. म्हणजे 'अनफिट' असा एकच डबा ठेवून चालत नाही, कशासाठी अनफिट ते विचारावं लागतं. हे सगळं कोडमध्ये घालताना काय हाल झाले ते वेगळं लिहीन कधी.

तर त्या दिवशी सकाळी टेस्टरचं तिकीट, म्हणजे गेममध्ये चूक सापडल्याची तक्रार. प्रायॉरिटी क्रिटिकल, टायटल 'गेम चीटिंग करतो'. हा पोरगा आमच्यातला एकमेव खरा वेडा, एकच टीम धरून सीझनमागून सीझन खेळतो. त्याचा हुकमी डावखुरा पिचर, सप्टेंबर महिना, पहिल्या नंबरसाठी मारामारी. गेमने सांगितलं 'फोरआर्म टाइट, डे टू डे'. याने चौथ्या दिवशी उतरवला, ११८ पिचेस (बॉल) टाकायला लावले, आणि लिगामेंट फाटलं. चौदा महिने बाहेर. ह्याचं म्हणणं, दादा, मला डे टू डे सांगितलं होतं ना?

दुपारपर्यंत मी लॉग, म्हणजे गेमने आत काय काय केलं त्याची नोंद, वाचत बसलो, डबा पण टेबलावरच खाल्ला. आणि लॉगमध्ये सगळं जिथल्या तिथं. लिगामेंटला आधीच थोडी चीर होती. एमआरआयचा पर्याय आला होता, दोन दिवस थांबावं लागलं असतं, ह्याने 'वगळा' दाबलं. टीमचा डॉक्टर सुमार, कारण एक महागडा बॅटर घ्यायला ह्यानेच मेडिकलचं बजेट कापलेलं. आणि एक ओळ होती ती मी त्याला बोलावून दाखवली : वेदना ६, सांगितली २. पिचर लपवत होता.

हे लपवणं मी घातलं ते कोथरूडच्या एका फिजिओ मॅडममुळे. त्या क्लबच्या फास्ट बॉलर पोरांना बघतात. मी त्यांच्याकडे वर्कलोडचे आकडे विचारायला गेलो होतो, तर त्या म्हणाल्या, "आकडे ठेवा बाजूला, पोरं खोटं बोलतात. फायनल आली की कुणाची पाठ दुखत नाही." बस, तेवढ्यासाठी मी वेगळी कॉलम केली.

टेस्टर बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "मग मला कळणार कसं, दादा?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर पण होतं, त्या पिचरच्या मागच्या दोन मॅचमध्ये फास्टबॉलचा स्पीड ताशी ९५.१ वरून ९३.४ मैलांवर आला होता. पण तो आकडा अशा टॅबमध्ये पुरलाय की मी पण शोधूनच उघडतो. डिझाइनवाल्यांना कार्ड 'क्लीन' हवं असतं, खेळणाऱ्याला काय हवंय ते नंतर. संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटचा प्रॉडक्टवाला म्हणे सरळ टक्का दाखवा, 'फाटण्याचा धोका ३४ टक्के'. मी नाही म्हणलं. टक्का दाखवला की परत तोच जुना फासा, फक्त आता उघडा. शेवटी स्पीडचा छोटा ग्राफ मेन कार्डवर आणायचं ठरलं, आणि लीडने तिकीट 'डिझाइनप्रमाणेच' म्हणून बंद केलं.

टेस्टरने दहा मिनिटांत परत उघडलं. नवीन कमेंट : कॉम्प्युटर चालवतो त्या बाकीच्या टीम्सचे पिचर दुखापतीआधी वेळेवर बाहेर कसे बसतात? मला चिडायला झालं होतं, तरी रात्रभर चालणाऱ्या बॅच रनचे आकडे काढले आणि खरंच, माणसाच्या टीममध्ये कोपरं जास्त जात होती. क्लायंटकडून आलेलं कॉम्प्युटर मॅनेजरचं जुनं मॉड्यूल उघडलं तर ते 'सांगितलेली' वेदना वाचतच नाही, थेट 'खरी' वाचतं. त्यांना डॉक्टरची गरजच नाही. एवढंच नाही, चीर पडलेला पिचर ते ट्रेडमध्ये (टीम्समधली प्लेयरची अदलाबदल) दुसऱ्याच्या गळ्यात मारतात, आणि घेणारा बहुतेक वेळा माणूस, कारण बाकी सगळ्यांना आतलं दिसतंय.

म्हणजे पोरगं चुकीच्या मॅचवरून भांडत होतं पण आरोप खरा होता. ते मॉड्यूल दुरुस्त करायचं तर कॉम्प्युटरला सुद्धा फसता आलं पाहिजे, चुकीचा पिचर उतरवता आला पाहिजे, आणि तसं केलं की बाकीचे टेस्टर लिहिणार 'एआय मूर्ख आहे', हे मला आत्ताच दिसतंय. तिकीट सध्या माझ्या नावावर आहे. त्याने त्या डावखुऱ्याला साठ दिवसांच्या लिस्टवर टाकलंय आणि रोज विचारतोय, परत आल्यावर स्पीड किती राहील, दादा, तुला लॉगमध्ये दिसत असेल ना. दिसतंय. सांगत नाहीये.