प्लास्टरमधला हात आणि मेटालिका

डोंबिवलीत गिटारचे क्लास घेतो मी, आणि येणाऱ्या निम्म्या पोरांना पहिल्या आठवड्यातच मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचं 'नथिंग एल्स मॅटर्स' हे गाणं वाजवायचं असतं. मी टाळतो, कारण सुरुवात सोप्पी वाटते आणि पुढे गाणं घाम काढतं. पण मागच्या पावसाळ्यात एक पोरगा डावा हात प्लास्टरमध्ये घालूनच क्लासला आला, बाईक स्लिप झालेली, कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत सगळं पांढरं. बरोबर आई. म्हणाली, "सर, तुम्हीच सांगा याला, गप घरी बस म्हणावं."

मी तेच सांगणार होतो, तेवढ्यात हेटफिल्ड आठवला.

किस्सा असाय की मेटालिकाचा गायक-गिटारिस्ट जेम्स हेटफिल्ड गर्लफ्रेंडशी फोनवर बोलत होता, एका हातात फोन, मांडीवर गिटार, आणि दुसऱ्या हाताने उगाच मोकळ्या, म्हणजे कुठेही न दाबलेल्या, तारा छेडत होता. सहावी, मग तिसरी, दुसरी, पहिली, परत दुसरी, तिसरी. या चार तारा मोकळ्या वाजवल्या की ई मायनर कॉर्ड, म्हणजे त्या नावाचा सुरांचा संच, आपोआप तयार होतो, डाव्या हाताला कामच नाही! टूरवर असताना तिच्यापासून लांब राहायचं दुःख त्यात आलं, गाणं त्याने स्वतःपुरतंच ठेवलेलं, कारण थ्रॅश मेटलवाल्यांनी, म्हणजे वेगवान, आक्रमक गाणी वाजवणाऱ्यांनी, असं हळवं गायचं म्हणजे... पण ड्रमर लार्स उलरिकने ऐकलं आणि 1991 च्या काळ्या कव्हरच्या अल्बममध्ये ते आलं, वर मायकेल केमनचा ऑर्केस्ट्रा. कर्क हॅमेटसारखा सोलोवाला बँडमध्ये असून रेकॉर्डिंगमधला सोलोही हेटफिल्डनेच वाजवलाय. बरोबरच आहे, लव्हलेटर कोणी मित्राकडून लिहून घेतं का.

तर पोराला बसवला. नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी, धरायला हात नाही म्हणून गिटार सारखी खाली झुकायला लागली, मग स्टुलावर उशी ठेवून त्यावर नेक टेकवली. आजवर हा फक्त पिकने, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या पट्टीने, सगळ्या तारा एकदम छेडत स्ट्रमिंग करायचा, त्यामुळे अनामिका पहिल्या तारेवर जायलाच तयार नाही, गेली की तार खस्सकन ओढायचा. दादऱ्यासारख्या सहा मात्रा मोजायला लावल्या. एरवी पोरांचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं आणि उजवा कुठेही पळतो, याच्याकडे डावा नव्हताच, त्यामुळे तासाभरात अंगठा असा काही बसला की बाजूला एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या बार कॉर्डशी झगडणारी सिनियर पोरं थांबून बघायला लागली.

आईने विचारलं, "एवढंच आहे का गाणं?"

"नाही हो काकू, पुढे डाव्या हाताने नेकवरच्या सातव्या फ्रेटवर, म्हणजे सातव्या पट्टीवर, जावं लागतं, त्याला प्लास्टर निघायला पाहिजे."

"मग तेवढंच शिकवा सध्या," म्हणाल्या आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

आता कोणी नवीन आलं आणि हेच गाणं मागितलं की नाही म्हणत नाही मी, डावा हात खिशात घालायला लावतो. काही जण दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत ती गोष्ट वेगळी.