आमची वाटचाल : भंडारा, दिमडी आणि तिकीटविक्री

पुण्यात आमची छोटी नाट्यसंस्था आहे. कागदोपत्री भागीदारी, प्रत्यक्षात घरचाच कारभार. दिग्दर्शन आणि तारखा मी बघतो, हिशेब आणि कपडेपट बायको. सुरुवात शाळांच्या स्नेहसंमेलनांपासून झाली. कोळीगीत, पोवाडा, लावणी, शेवटी गोंधळ, असा पाऊण तासाचा कार्यक्रम बसवून द्यायचा आणि पुढची शाळा गाठायची. पैसे वेळेवर यायचे. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

वळण लागलं ते खंडोबामुळे. आमच्या संचात दिमडी, म्हणजे छोटं कातडी वाद्य, वाजवणारा साथीदार वाघ्याच्या, म्हणजे खंडोबाची गाणी म्हणणाऱ्या उपासकाच्या, घरातला. त्याच्याबरोबर पुरंदर, सातारा भागातली खंडोबाची रात्र रात्र चालणारी जागरणं ऐकत हिंडलो, तेव्हा कळलं की शाळेत आपण बसवतो तो याचा जेमतेम कोपरा. जागरणात आधी चौक भरतात म्हणजे पूजेची मांडणी करतात, कलश मांडतात, उसाची नाहीतर ज्वारीची ताटं बांधून वर मखर करतात. मग गण, गावोगावच्या देवांना आवतण, आणि रात्र चढली की कथा.

खरं नाटक तिथं आहे. म्हाळसा नेवाशाच्या वाण्याची लेक, तिचं देवाशी लग्न पालीला लागतं. बाणाई चंदनपुरीच्या धनगराची. सारीपाटात पैज हरून देव घर सोडतो, बाणाईच्या बापाकडे मेंढरं राखतो आणि तिला बायको करून जेजुरीला आणतो. पुढं दोघींची जुंपते. एकीचं सोवळं, दुसरीच्या ताटात मटण. चांगला वाघ्या दोघींच्या बाजू एकटाच लढवतो आणि मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात. जात, चूल, सवत, सगळं त्या भांडणात उघडं पडतं, आणि कुणाला उपदेश केल्यासारखं वाटत नाही. असा प्रवेश टेबलाशी बसून लिहून दाखवावा कुणी.

यातून दोन तासांचा तिकीट लावून प्रयोग उभा करायचं ठरलं. पहिला पेच विधीचाच. आमची वाघे मंडळी म्हणाली, चौक भरला की तो देवाचाच चौक. तो रोज उचलून सेटबरोबर टेम्पोत टाकायचा नाही. मला पटलं. म्हणून आमच्या प्रयोगात चौक नाही, दिवटी म्हणजे देवाची छोटी मशाल पेटत नाही, लंगर म्हणजे देवाची लोखंडी साखळी तोडत नाही. गाण्यांचा क्रम मात्र तोच ठेवला, कारण कथेला चढ त्या क्रमानेच येतो. ‘विधी नाही तर अस्सल काय राहिलं?’ असं विचारणारे भेटतात. जागरण नवस बोललेल्या यजमानाचं असतं. तिकीट काढून आलेल्याचा नवस नसतो, त्याला नाटक दाखवावं. (दिवटी पेटवायची म्हटली तरी सभागृहवाले आगीच्या नियमावर बोट ठेवतातच. भंडाऱ्याचं नाव काढलं की गालिच्याची अनामत वाढते.)

मुरळी, म्हणजे खंडोबाला वाहिलेली, जागरणात नाचणारी-गाणारी बाई, हिच्याबद्दल घरात बरीच चर्चा झाली. मुलगी देवाला वाहण्यावर १९३४ च्या मुंबईच्या देवदासी कायद्याने बंदी आली. आज जागरणात मुरळी म्हणून उभ्या राहतात त्यांतल्या अनेकजणी गाण्यावर पोट असलेल्या कलावंत आहेत. ती प्रथा गाळून नुसतं घोळ म्हणजे हातातली घंटा वाजवणं, गिरक्या घेणं ठेवलं असतं तर प्रयोग जास्त गोड झाला असता. बायकोने ऐकलं नाही. आता मध्यंतरानंतर मुरळी नाचता नाचता थांबते आणि आपल्याला कुणी, कशासाठी वाहिलं ते प्रेक्षकांकडे बघून बोलते. तिथं टाळ्या पडत नाहीत, आणि तसंच हवं होतं.

धंद्याचं गणित वेगळंच. लग्नसराईत वाघे मंडळी सापडतच नाहीत, कारण लग्नानंतरचं जागरण म्हणजे त्यांचा खरा हंगाम. त्यांची सुपारी मोडून आमची तारीख धरा, असं सांगायला तोंड नाही. म्हणून आम्ही चातुर्मासात प्रयोग लावतो. तेव्हा पावसाची ओल दिमडीच्या कातड्याला धरते आणि आवाज बसतो. अंगणात ती विस्तवावर शेकतात. आम्ही विंगेत पिवळा बल्ब लावून शेकतो. नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, सगळ्यांना सारखी, मग तो नाट्यशिक्षण घेतलेला नट असो की बापाकडून शिकलेला वाघ्या. यावरून दोन नट सोडून गेले, गेले तर गेले.

कंपन्यांच्या वार्षिक समारंभात पंधरा मिनिटांचं ‘जोशपूर्ण जागरण’ मागतात, वर पिवळा धूर सोडणारं यंत्रही त्यांचंच. तीही कामं घेतो. तिकीटविक्रीतून सभागृहाचं भाडं आणि नाईट निघते, टेम्पोचा हप्ता या समारंभांतून.

पुढचं नाटक बाणाईच्या बाजूने, धनगरी ओव्यांवर बांधतोय. तालमी आषाढात सुरू होतील. गावातल्या देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या मैदानावर सध्याचा प्रयोग लावायचा असेल तर सभागृहापेक्षा पुष्कळ स्वस्तात होतो. वीज तुमची, बाकी सगळं टेम्पोत असतं.