नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण: दुसरा पाठ गाळू नका

शाळा उघडण्याआधी तीन-चार दिवस व्याख्यानं ठेवायची आणि नव्या शिक्षकाला सरळ वर्गात पाठवायचं, ही पद्धत बदलायला हवी. ऐकलेलं हातात उतरत नाही. त्यासाठी पाठ घ्यावा लागतो, तो कुणीतरी पाहावा लागतो आणि लगेच सुधारून पुन्हा घ्यावा लागतो. वडोदऱ्याला हे नवीन नाही. सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र केंद्रात सत्तरच्या दशकात एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेच्या साथीने सूक्ष्म अध्यापनावर, म्हणजे एकाच कौशल्याचा छोटा पाठ घेऊन तो लगेच सुधारण्याच्या सरावावर, मोठं काम झालं. बीएडला सगळेच ते शिकतात, पण नोकरी लागल्यावर त्याचा वापर थांबतो.

सूक्ष्म अध्यापनाच्या चक्राचा भारतीय आराखडा ३६ मिनिटांचा आहे: पाठ ६, प्रत्याभरण (पाठ पाहणाऱ्याचा अभिप्राय) ६, फेरनियोजन १२, पुन्हा पाठ ६, पुन्हा प्रत्याभरण ६. सर्वांत जास्त वेळ फेरनियोजनाला दिला आहे, आणि नेमकं तेच बुडतं. निरीक्षक बोलत राहतात, सहाची पंधरा मिनिटं होतात आणि दुसरा पाठ उद्यावर जातो. शिकणं मात्र त्या दुसऱ्या पाठातच असतं. म्हणून घड्याळ सांभाळायला एक माणूस वेगळा नेमावा. पाच जणांच्या गटाला ३६ गुणिले ५, म्हणजे तीन तास लागतात. दहा शिक्षक असतील तर दोन खोल्या, दोन मार्गदर्शक आणि अर्ध्या दिवसात एकच कौशल्य. तीन अर्ध्या दिवसांत प्रश्न विचारणं, सूचना देणं आणि फलकलेखन एवढं नीट झालं तरी जूनपुरतं पुरे.

सहकारी विद्यार्थी होऊन बसतात तेव्हा फटाफट बरोबर उत्तरं देतात, आणि पाठ खोटा वाटू लागतो. प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या, तिच्यावर मुलं खरोखर करतात अशी चूक लिहिलेली: १/२ + १/३ = २/५, किंवा ‘झाडं माती खाऊन वाढतात’. त्या उत्तराचं शिक्षक काय करतो, हे पाहायचं.

निरीक्षणाच्या कागदावर दोनच रकाने पुरतात: विचारलेला प्रश्न आणि उत्तरासाठी थांबलेले सेकंद. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी दाखवून दिलं होतं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. प्रत्याभरणात आधी आकडे वाचून दाखवावेत, मग सुधारायची एकच गोष्ट सांगावी. पाच सूचना दिल्या की फेरनियोजनाच्या बारा मिनिटांत त्यातली एकही बसत नाही.

आपल्याकडची आणखी एक अडचण: घरी मराठी बोलणारा शिक्षक गुजराती माध्यमात गणित शिकवतो तेव्हा भरभर मोजताना घरचेच आकडे तोंडात येतात. टाचण कोणत्याही भाषेत असो, सराव पाठ वर्गाच्याच भाषेत घ्यायला हवा, आकड्यांसकट.

शाळा सुरू झाल्यावर दर पंधरवड्याला १५ मिनिटांचं निरीक्षण आणि त्याच दिवशी दहा मिनिटं बोलणं. मार्गदर्शकाचे शिकवण्याचे आठवड्याला दोन तास कमी केले नाहीत, तर नवरात्र आणि परीक्षा जवळ आल्या की या भेटी बंद पडतात. आणि गोपनीय अहवाल लिहिणारी व्यक्ती निरीक्षक नसावी. तीच मागे बसली की शिक्षक बसवलेला पाठ घेतो आणि अडचण लपवतो. सरावाचे आणि निरीक्षणाचे हे तास नोंदवून ठेवा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे.

‘प्रशिक्षण आवडलं का?’ या फॉर्मवरून काहीच कळत नाही. जूनमधला रकान्यांचा कागद आणि सप्टेंबरमधला कागद शेजारी ठेवा. सेकंद वाढले नसतील तर दोष शिक्षकात शोधण्याआधी निरीक्षणं खरंच झाली का, ते तपासा.

सगळ्या शाळेत एकदम सुरू करायची घाई नको. बडोदा संस्थानचे महाराज सयाजीरावांनीही सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं आणि संस्थानभर १९०६ मध्ये नेलं. पहिल्या वर्षी पाचवी ते सातवीच्या नव्या शिक्षकांपुरतं करा. त्यातल्या कोणत्या कागदाचा कुणी उपयोगच केला नाही हे मार्चमध्ये पाहा आणि तो काढून टाका.