तेल, खांब आणि चोवीस कॅमेरे

अंगाला तेल लागलेला माणूस मोशन कॅप्चरला, म्हणजे माणसाची हालचाल टिपून संगणकातल्या पात्राला द्यायच्या कामाला, घ्यायचा नाही, असा लेखी नियम आमच्याकडे नाही. तशी वेळच कधी आली नव्हती. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत येतात ते मारामारीवाले, नाचणारे, क्वचित एखादा क्रिकेटर. लायक्राचा काळा सूट चढवायचा, त्यावर वेल्क्रोने ५३ मार्कर, म्हणजे कॅमेऱ्याला चमकून दिसणारे छोटे गोळे, बसवायचे, दोन्ही हात आडवे पसरून टी-पोज घ्यायची, की काम सुरू. मग एका गेम कंपनीला आपला नायक मल्लखांबपटू हवा झाला आणि आमची सगळी घडी विस्कटली.

मल्लखांब शिकवणाऱ्या सरांना पहिल्या भेटीत मी सूट दाखवला. त्यांनी कापड दोन बोटांत धरून चोळलं आणि परत दिलं. "अहो मॅडम, हे घालून अढी मारली तर पोरगं सरळ डोक्यावर येईल. खांब कातडीने धरायचा असतो." अढी म्हणजे उलटं होऊन पायांनी खांबाला घातलेली पकड.

"पण मार्कर कातडीला चिकटवले तर?"

"चिकटवा की. फक्त खांबाला एरंडेल असतं, तेवढं बघा."

एरंडेल चोळलं नाही तर घर्षणाने कातडी सोलवटून निघते. हाताची पकड सुटू लागली तर राळ लावतात. म्हणजे एकीकडे तेल, दुसरीकडे चिकट पूड, आणि मधे आमचे नाजूक मार्कर. सेन्सर लावलेला सूट वापरा, कॅमेऱ्यांची भानगडच नको, असाही सल्ला मिळाला. पण त्या सेन्सरच्या डब्या मांडी आणि खांब यांच्यात दाबल्या जाणार. शिवाय त्यांतून सांध्यांचे कोन बरे मिळतात, पण शरीर जागेवर नेमकं कुठे आहे याचा हिशेब हळूहळू सरकत जातो. इथे तर हात खांबाला लागलाय की बोटभर दूर आहे, यावरच सगळा खेळ. त्यामुळे ऑप्टिकलच, म्हणजे कॅमेऱ्यांनीच, करायचं ठरलं.

दुसरी अडचण उंचीची. आमच्या स्टुडिओतला कॅमेरे टांगायचा ट्रस साडेतीन मीटरवर आहे. चालणाऱ्या-पळणाऱ्या माणसाला तो पुरतो. पुरलेला मल्लखांब जमिनीपासून साधारण अडीच मीटर, त्याच्या टोकाच्या बोंडावर पोरगा उभा राहणार आणि वर हात करणार. म्हणजे बोटांची टोकं पावणेपाच मीटरच्या आसपास. शेवटी एक बॅडमिंटन हॉल भाड्याने घेतला. जमीन खोदता येणार नव्हती, म्हणून सरांनी स्पर्धेला नेतात तसा लोखंडी बैठकीचा खांब आणला आणि बैठकीवर व्यायामशाळेतल्या वजनाच्या चकत्या रचल्या.

हॉलच्या छपरात मधे मधे पारदर्शक पत्रे होते. आमचे कॅमेरे लेन्सभोवतीच्या दिव्यांनी ८५० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश फेकतात आणि मार्करवरून परत आलेला प्रकाश टिपतात. डोळ्यांना फक्त मंद लाल ठिपके दिसतात. उन्हातही हाच अवरक्त प्रकाश भरपूर असतो, त्यामुळे वार्निश केलेल्या लाकडी जमिनीवर उन्हाचा कवडसा पडला की कॅमेऱ्याला तिथे चकाकणारं तळं दिसतं. ताडपत्र्या बांधल्या, जमिनीवर काळी जाजमं अंथरली. तरी दुपारी पत्रा तापला, त्याला टेकलेली कॅमेऱ्यांची चौकट किंचित ताणली गेली आणि सकाळचं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्यांच्या जागांचं मोजमाप, सरकलं. मिलिमीटरच्या आतली चूक दोन-अडीच मिलिमीटरवर गेली. शूटिंग रात्री करायचं हे तेव्हाच नक्की झालं. जेवणानंतर पत्रा निवला आणि हॉल एका तापमानाला आला. कॅमेरे तासभर आधीपासून चालू ठेवले होते, कारण थंड कॅमेराही तापेपर्यंत हलत असतो.

कॅलिब्रेशन म्हणजे ठरलेल्या अंतरावर दिवे बसवलेली टी-आकाराची काठी सगळ्या जागेत फिरवायची. त्यातून प्रत्येक कॅमेरा कुठे आहे आणि कुठे बघतोय हे सॉफ्टवेअर काढतं. जिथे काठी फिरली नाही तिथल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, आणि आम्हाला तर छताजवळचे आकडे हवे होते. रंगाऱ्यांचा लांब होणारा दांडा आणून काठी त्याच्या टोकाला बांधली. आमचा असिस्टंट ती घेऊन खांबाभोवती फिरताना प्रशिक्षणाला आलेली शाळकरी पोरं बाकावर बसून खिदळत होती.

कॅमेरे कसे लावायचे यावर मात्र मी बराच विचार केला होता. एका मार्करची जागा काढायला निदान दोन कॅमेऱ्यांना तो एकाच वेळी दिसायला लागतो, आणि तीन-चारांना दिसला तर जीव भांड्यात पडतो. एरवी आम्ही सगळे कॅमेरे वरून खाली रोखतो. इथे माणूस उलटा होणार आणि मधोमध खांब. कुठल्याही क्षणी निम्मे कॅमेरे खांबाची किंवा त्याच्या पाठीची पलीकडची बाजू बघणार. म्हणून चोवीसपैकी आठ कॅमेरे अगदी जमिनीलगत ठेवून वर रोखले, आठ छातीच्या उंचीवर आणि आठ वर. खालचे कॅमेरे वरच्यांच्या दिव्यांत बघत होते, ते ठिपके एकेक करून झाकून टाकावे लागले. वाचायला हे सोपं वाटतं. पण झाकलेल्या प्रत्येक ठिपक्यामागे कॅमेऱ्याचा एक आंधळा कोपरा तयार होतो आणि नेमका त्याच कोपऱ्यात कोपर येऊन बसतं.

सगळं स्वच्छ झालं तरी एका कॅमेऱ्यात ठसठशीत चमक राहिलीच. सरांनी खुर्चीवर मारुतीची तसबीर ठेवली होती, तिच्या काचेची ती. काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सरांनीच ती जराशी तिरकी केली. "आता?" चमक गेली. खांबावर चढणाऱ्या मुलाच्या काळ्या करदोड्याची चांदीची कडीही अशीच भूत मार्कर बनून फिरत होती, तिच्यावर काळी टेप लावली.

आता खरा प्रश्न, मार्करचा. हे मार्कर म्हणजे साधे पांढरे गोळे नव्हेत. त्यांच्या पृष्ठभागावर काचेचे बारीक मणी बसवलेले असतात. प्रकाश मण्यात शिरताना वाकतो, मण्याच्या मागच्या बाजूला एकवटतो आणि आल्या वाटेने परत जातो. हे वाकणं हवा आणि काच यांच्या सीमेवर घडतं. मण्यावर तेलाचा थर बसला की प्रकाश पुरेसा वाकत नाही, मागे नीट एकवटत नाही आणि भलतीकडे विखुरतो. पहिल्याच चाचणीत खांद्यावरचा मार्कर हाताला शाबूत, डोळ्याला पांढराशुभ्र, आणि पडद्यावर गायब. पुसायला गेलं तर मणीच निघून येतात. आम्ही एरवीसुद्धा मार्करला उघड्या बोटांनी हात लावत नाही, बोटाच्या तेलकटपणानेही तो मंदावतो. इथे तर एरंडेल.

मी शरीररचनेचं चित्र समोर ठेवून नेहमीच्या जागा समजावत होते. कमरेची पुढची दोन हाडं, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा वगैरे. सर ऐकत होते. मग उठले, हॉलच्या मागच्या खोलीत गेले आणि वाटीत तेल नि थोडा गेरू कालवून घेऊन आले. ते तांबडं तेल त्यांनी खांबाला खालपासून वरपर्यंत चोळलं आणि मुलाला म्हणाले, "पूर्ण संच मार. घाई नको."

मुलाने खांबाला नमस्कार करून सुरुवात केली. साधी अढी, तेढी, बगली, मग दसरंग, शेवटी बोंडावर उभं राहून सलामी. उतरला तेव्हा त्याच्या अंगावर नकाशा उमटला होता. मांड्यांची आतली बाजू, पोटऱ्या, काख, फासळ्यांचा एक पट्टा, छातीचा मधला भाग, दंडाची आतली बाजू, मानेची एक बाजू सगळी तांबडी. कमरेची पुढची हाडंही तांबडी, म्हणजे माझ्या चित्रातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या जागा बाद. पण मांडीची बाहेरची बाजू कोरी होती. माकडहाडाच्या वरचा तळहाताएवढा भाग, खांद्याचं टोक, मनगटाची वरची बाजू, पावलाचा वरचा भाग कोरा.

"जिथे रंग नाही तिथे लावा," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत मार्करच्या जागा ठरवायची इतकी नेमकी पद्धत मी पाहिली नव्हती. मुलाला आंघोळीला पाठवलं, खांब पुसून पुन्हा साधं एरंडेल लावलं. कोऱ्या जागा स्पिरिटने पुसल्या, त्यावर फिजिओ वापरतात ती लवचिक टेप लावली आणि टेपवर मार्कर. तेही नेहमीचे १४ मिलिमीटरचे नाहीत, साडेनऊचे. कमरेसाठी माकडहाडावर चार मार्करची कडक पट्टी बसवली. पुढच्या हाडांवर फक्त टी-पोजपुरते मार्कर लावून त्यांची पट्टीपासूनची जागा नोंदवली आणि मग ते काढून टाकले. पट्टी दिसत राहिली की पुढची हाडं कुठे आहेत हे गणिताने निघतं. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूलाही तशाच पट्ट्या. खांबाच्या बैठकीवर आणि बोंडाच्या खाली, जिथे हातपाय येत नाहीत अशा जागा शोधून, खांबालाही मार्कर लावले.

वेग सेकंदाला २४० फ्रेम ठेवला. दसरंगात पाऊल सेकंदाला सहा मीटरच्या आसपास जात असेल असं धरलं तर १२० फ्रेममध्ये ते दोन चित्रांच्या दरम्यान पाच सेंटीमीटर सरकतं. जवळजवळचे दोन मार्कर असतील तर सॉफ्टवेअर त्यांची अदलाबदल करून बसतं आणि पडद्यावर माणसाचा डावा घोटा उजव्या पायाला जातो. २४० मध्ये हे अंतर निम्म्यावर येतं. तेवढ्याने सगळं सुटत नाही, पण नंतरची हमाली कमी होते.

रात्री शूटिंग सुरू झालं. मार्कर पडले, नवे लावले, एक खांबाखाली चिरडला. मुलगा दमत नव्हता, आम्हीच दमत होतो. दोन टेकच्या मधे सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर ना चेहरा, ना शरीर, ना खांब, नुसते काळ्यावर पांढरे ठिपके फिरत होते. मी विचारणार होते की सांगाडा जोडून दाखवू का, तोच ते म्हणाले, "डावा गुडघा उशिरा येतोय त्याचा. कधीपासूनचं सांगतोय मी."

स्वीडनच्या गुन्नार योहानसन या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली दाखवून दिलं होतं की सांध्यांवरचे दहा-बारा ठिपके नुसते हलताना पाहिले तरी माणसाला त्यात चालणारा माणूस क्षणात ओळखू येतो. पण कुठला गुडघा किती मागे राहतोय हे ठिपक्यांतून ओळखणं वेगळं. मी दोन्ही गुडघ्यांचे आलेख एकावर एक ठेवले. अढीत पाय वर जाताना डावा गुडघा नऊ-दहा फ्रेम मागे होता. म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. मुलगा घाम पुसत आला, आलेख पाहिला आणि काही न बोलता पुन्हा खांबाकडे गेला. पुढच्या टेकमध्ये फरक अर्ध्यावर आला. गेम कंपनीच्या माणसाला मात्र आधीचाच टेक आवडला, त्याला त्यात 'वजन' दिसत होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, पण वाद घातला नाही.

२०१९ साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती सरांनी तिथे बसून पाहिली होती. परदेशी मुलं व्हिडिओ बघून शिकतात, मग त्यांना पकड कुठे आहे ते कळत नाही, असं ते म्हणत होते. व्हिडिओत नेमकी तीच जागा झाकलेली असते. मला हसू आलं, कारण आमच्या कॅमेऱ्यांची तक्रारही हीच होती.

नंतरचं काम स्टुडिओत झालं. गायब झालेले तुकडे भरायचे, अदलाबदल झालेली नावं सोडवायची. लहान खंड सॉफ्टवेअर वक्ररेषेने बेमालूम भरतं, पण बगलीत छाती खांबाला चिकटलेली असताना खांद्याचा मार्कर सलग अर्धा सेकंद दिसत नव्हता, तिथे पाठीवरच्या मार्करच्या आधाराने एकेक फ्रेम बसवावी लागली. बोटं तर आम्ही टिपलीच नव्हती, ती ॲनिमेटरने हाताने केली.

फाइल गेली आणि दोन दिवसांनी निरोप आला, "मूव्हमेंट उत्तम, पण खांब हलतोय. तो स्थिर करून द्या." खांब खरंच हलत होता. पुरलेला असता तर फारसा हलला नसता, पण बैठकीवरचा खांब दसरंगाच्या झटक्याला टोकाशी तीन-साडेतीन सेंटीमीटर झुकत होता आणि आमच्या मार्करनी ते इमानदारीत नोंदवलं होतं. सांगितलं तसं आम्ही खांब स्थिर केला. आता मुलाचा हात प्रत्येक झटक्याला लाकडात शिरू लागला आणि परत येताना पकड सुटून हवेत राहू लागली. त्यांच्या ॲनिमेटरने आठवडाभर हात खांबावर ओढून बसवायचा प्रयत्न केला, त्यात कोपरं वेडीवाकडी झाली. शेवटी पुन्हा फोन. खांबाची मूळ हालचाल परत मागितली आणि गेममध्ये खांबाच्या बुंध्याशी आमच्यासारखीच लोखंडी बैठक काढली, चकत्यांसकट.